सोन्याच्या वाटेतलं तांबं

१२ मार्च १८८९, कारंगाहाके

आईची शिस्त होती, दिवस संपताना देवाचे आभार कागदावर मांडायचे. कॉर्नवॉलात होते तेव्हा मी पानंच्या पानं भरायचे. बोटीतही भरली, इथं न्यूझीलंडात उतरल्यावरही भरली. माझी लेक लव्हडे गेली त्या दिवशी वही पेटीच्या तळाशी गेली. आज बाहेर काढली आहे. आभार मानावेत असं काही घडलंय म्हणून नाही. न मानता राहून राहून माझी जीभ कडू झाली आहे, आणि त्याचा त्रास मला एकटीलाच नाही, झॅकीलाही होतो.

खाण बंद होणार, असं सगळे बोलतात. सोनं संपलं म्हणून नव्हे. सोनं डोंगरात भरपूर आहे, पण पिठाहून बारीक आणि हट्टी. गिरणीत लोखंडी मुसळं दगड कुटतात, ते पीठ पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यांवरून वाहत जातं, आणि पत्र्यांना फासलेला पारा सोन्याला धरून ठेवतो. ही सगळी देखरेख माझ्या नवऱ्याची. झॅकरी नॅनकिव्हेल, गिरणीचा कप्तान. त्याच्या बापानं हेच केलं, आज्यानंही हेच केलं. पण इथलं सोनं पाऱ्याला दाद देत नाही. निम्म्याहून जास्त तसंच खालच्या ओहिनेमुरी नदीत जातं. "ओहिनेमुरीइतकी श्रीमंत बाई जगात नाही, आणि मेली दिसते बघ कशी, चिखलानं माखलेली," असं शेजारच्या टिअर्नी बाई म्हणतात.

खाण बंद झाली की काय होतं ते मी दोनदा पाहिलं आहे. लोक घरांच्या फळ्या सुट्या करतात, गाडीवर घालतात आणि दुसऱ्या डोंगराकडे निघतात. मागे राहतात धुरांडी आणि थडगी. धुरांड्याचं मला काही नाही. पण वरच्या टेकाडावर लव्हडे आहे. पाच वर्षांची होती, घटसर्पानं चार दिवसांत नेली. तिला एकटीला टाकून मी जाणार नाही. झॅकी जिथं काम तिथं जाणार, आणि त्याच्याशिवाय मी राहू शकत नाही. माझी अडचण एवढीच आहे.

आभार: शाई अजून वाळली नव्हती.

२१ मार्च

ग्लासगोहून रसायनवाला आला. पैरोआपर्यंत होडीनं आणि पुढं चिखलातून खेचरावर, त्यामुळे दारात उभा राहिला तेव्हा खेचर कोणतं ते मला क्षणभर कळलं नाही. नाव निनियन लेडलॉ. वय सव्वीस, मान काटकीसारखी, कान मोठे. आमच्याकडेच राहणार, कारण कंपनीच्या साहेबांना अख्ख्या गावात कोरडं अंथरूण आमच्याच घरी सापडलं.

जेवताना त्यानं सगळं समजावलं. दगडाचं पीठ मोठ्या लाकडी हौदात भरायचं. वरून सायनाइडचं पाणी सोडायचं. ते पाणी सोनं पिऊन घेतं. मग खालून गाळून काढायचं, पन्हळीनं पेटीत न्यायचं, पेटीत जस्ताचा कीस. तिथं सोनं पाण्याला सोडतं आणि जस्तावर बसतं, काळ्या गाळासारखं.

झॅकीनं काटा खाली ठेवला. "म्हणजे साखर विरघळते तसं?"

"अगदी तसं, कप्तान."

"सोनं?"

"सोनं."

झॅकी माझ्याकडे वळला. "टॅमसिन, ह्याला अजून दोन बटाटे वाढ. उपाशी माणूस काहीही बरळतो."

पोरगा हसला, बटाटेही खाल्ले. मग झॅकीनं विचारलं, "आणि माझे पत्रे कुठं बसवायचे यात?"

"पत्रे लागणारच नाहीत," लेडलॉ म्हणाला. मीठ लागणार नाही म्हणावं तसं म्हणाला. आणि उरलेला बटाटा तोंडात घातला.

आभार: पाहुणा पाय पुसून घरात येतो.

२ एप्रिल

गिरणीत आज वाजलं. लेडलॉनं फर्मान काढलं आहे की हौदाच्या खोलीत कुणी काही खायचं नाही, प्यायचं नाही, नखसुद्धा कुरतडायचं नाही. आमची माणसं पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या आमच्या मोठ्या करंजीची, शेवटची मुरड ठोकऱ्यांसाठी ठेवतात. दगडाच्या आत राहणारी ती छोटी माणसं ठोकून ठोकून धोका सांगतात, त्यांचा तो हक्काचा घास. नव्या हौदाच्या काठावर कुणीतरी मानानं मुरड ठेवली होती. लेडलॉनं चिमट्यानं उचलून भट्टीत टाकली.

घरी येईपर्यंत झॅकीचा राग उतरला नव्हता. "ठोकऱ्यांना उपाशी ठेवून कुणाचं भलं झालंय का रे?"

"कप्तान, ती मुरड खाऊन ठोकरे मेले असते."

"मग पुरायला तू आला असतास का?"

"आलो असतो," लेडलॉ गंभीरपणे म्हणाला. "पण पेट्या केवढ्या करायच्या ते तुम्ही सांगायचं."

झॅकीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. चहाचा कप धरताना त्याचे हात कापत होते. थंडी लवकर आली आहे म्हणतो. हिरड्याही दुखतात. वय होत चाललं माझ्या माणसाचं.

९ एप्रिल

पेस्टीच्या कोपऱ्यावर मी ज्याची त्याची खूण काढते, म्हणजे डब्यात अदलाबदल होत नाही. आज कणीक मळताना मन कुठं होतं देव जाणे, पाहते तर कोपऱ्यावर 'एल' काढलेलं. लव्हडे गेल्यापासून, दोन वर्षं, बोटांनी ते अक्षर काढलं नव्हतं.

पुसणार होते. तेवढ्यात लेडलॉ डबा न्यायला आला, अक्षर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "माझ्यासाठी खास खूण? लेडलॉचा एल?"

मी म्हटलं, "मग दुसऱ्या कुणाचा?"

तो म्हणाला, आई गेल्यापासून माझ्यासाठी असं कुणी काही केलं नव्हतं. मी परसात जाऊन कोंबड्यांना उगाच दुसऱ्यांदा दाणे टाकले. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. अक्षर वाया गेलं नाही याचे आभार.

१८ एप्रिल

टेकाडावर जाऊन आले. लाकडी क्रूस पावसानं कुजला आहे, नाव जवळजवळ गेलं, नुसता 'डे' वाचता येतो. पण कडेनं पुन्हा नवे पांढरे दगड लावलेले होते. चकाकणारे, गारगोटीचे, धुऊन आणलेले. दर खेपेला चार-दोन वाढलेले असतात. हे टिअर्नी बाईंचं काम. त्यांची स्वतःची दोन आयर्लंडात पुरलेली आहेत, म्हणून माझ्या लेकीचं करतात. मी कधी विषय काढत नाही, काढला तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. देव त्यांचं भलं करो.

झॅकी पुरलं त्या दिवसानंतर एकदाही वर गेला नाही. मी विचारलं की म्हणतो, "वर काय आहे?" मी हल्ली विचारत नाही. पुरुषांचं काळीज निराळ्या लाकडाचं असतं. कामावरून सरळ घरी यायचं सोडून वरच्या वाटेनं येतो, पाण्याचा पाट बघून येतो म्हणे. पाट बघायला वेगळा माणूस आहे. आणि कोटाचा खिसा पुन्हा फाडून आणला. काय भरतो खिशात? विचारलं तर म्हणाला, "खिळे." शिवून दिला आणि चार शब्द सुनावले.

३० एप्रिल

मुसळांपुढचे पत्रे आज उखडले. आता दगड कोरडाच कुटायचा. पाणी नाही, पारा नाही, पत्रे नाहीत.

झॅकी त्यातले दोन पोत्यात घालून घरी घेऊन आला. जेवण झाल्यावर अंगणात बसून राख आणि वाळूनं घासत होता. एखाद्या म्हाताऱ्या घोड्याला खरारा करावा तसा. मी म्हटलं, "विकायचेत का?"

"नाही."

"मग?"

"सोन्याला जिथून जावंच लागेल तिथं ठेवणार. पत्र्याला न शिवता सोनं आलेलं माझ्या आज्यानं पाहिलं नाही. नशिबालाही हात द्यावा लागतो, टॅमसिन."

मग पारा फासला, पोत्यात गुंडाळले आणि सकाळी परत घेऊन गेला. माणसाला आपल्या हत्यारांचा लळा असतो. बापाची टोपीही त्यानं अशीच वर्षभर खुंटीला टांगून ठेवली होती.

१४ मे

हौद भरला. सायनाइडचं पाणी सोडलं. पन्हळीवर लेडलॉनं आधीच फळ्या ठोकून घेतल्या आहेत, कुणाच्या शेळीनं तोंड घालू नये म्हणून. आता ते पाणी झिरपत जाणार. सगळं गाव कुजबुजत बोलतं आहे, तापाचं माणूस घरात असल्यासारखं.

टिअर्नी बाई येऊन चौकशी करून गेल्या. "अगं टॅमसिन, त्या पोराच्या औषधाला गुण नाही आला तर?"

"तर जावं लागेल."

"मी जाणार नाही बाई. या गुडघ्यांनी चर्चची तीन पावठणी चढवत नाहीत, नवीन डोंगर काय चढणार!"

आभार: शेजार.

२७ मे

गुण येत नाही.

जस्तावर काळा गाळ बसायला हवा होता, तो लालसर बसतो आहे. सायनाइडही भराभर संपतं, घालावं तेवढं कमीच. लेडलॉ जेवत नाही. म्हणतो, पाण्यात तांबं आहे. दगडाचं पीठ पुन्हा पुन्हा तपासलं, त्यात तांबं सापडत नाही. तरी पाण्यात आहे. म्हणजे डोंगरात कुठंतरी तांब्याची शीर असणार, आणि तसं असेल तर हा उपाय या डोंगराला लागू नाही.

झॅकी त्याला टोमणे मारायचं विसरला आहे. मला वाटलं होतं त्याला आतून बरं वाटेल. तसं काही दिसत नाही. काल म्हणाला, "आपल्याला इथून हलायचं नाही, टॅमसिन. काही झालं तरी नाही." मला नवल वाटलं. सामानाची बांधाबांध करायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा.

आज आभार नाहीत.

९ जून, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

चॅपलहून आलो. मेंढीची तंगडी भाजली होती, केशराचा पावही केला होता, कारण लेडलॉनं ठरवून टाकलं होतं की उद्या पैरोआला जाऊन कंपनीला तार करायची, काम थांबवा म्हणून. मला वाटलं, जाणाऱ्याला निदान पोटभर जेवू घालावं. त्याच्यावर राग नव्हता. त्यानं जीव ओतून काम केलं.

टेबलावर तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मला एवढंच कळत नाही, तांबं येतं कुठून? हे पाणी सोन्याआधी तांब्यावर तुटून पडतं. थोडं जरी मिळालं तरी त्यावरच खर्ची पडतं, आणि मग ते तांबं जाऊन जस्तावर बसतं. सोन्याला जागाच उरत नाही."

माझ्या हातात रश्श्याचं भांडं होतं. अंगणातली ती राख, ती वाळू, ते पोतं सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. सोन्याला जिथून जावंच लागेल तिथं. तांबं कुठून येतं ते मला त्या क्षणी समजलं. बोलावं तर नवरा साऱ्या गावात तोंडघशी पडणार, कदाचित कामही जाणार. गप्प बसावं तर लव्हडे एकटी पडणार. मी भांड्यातल्या रश्श्याकडे पाहत राहिले. त्यावर चरबीचं एक वर्तुळ होतं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

झॅकीनं पाव खाली ठेवला. "तांब्यावर तुटून पडतं म्हणजे? खातं?"

"खातं, कप्तान."

"पारा फासलेला असला तरी?"

"पारासुद्धा खातं." एवढं म्हणून लेडलॉनं मान वर केली.

झॅकी उठला आणि बाहेर पडला. टोपी नाही, अंगावर रविवारचा कोट. आम्ही दोघं खिडकीतून बघत राहिलो, तो गिरणीकडे चालला होता. मग परत येताना दिसला, दोन्ही हातांत काहीतरी धरून. आत आला आणि माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर, बरोबर तंगडीच्या शेजारी, त्यानं तो पत्रा ठेवला. ओला, टपटपणारा. कडा कुरतडलेल्या, मधे चाळणीसारखी भोकं.

"दुसरा याहून वाईट आहे," तो म्हणाला. "दोन्ही मीच ठेवले. पन्हळीत, फळ्यांखाली. वाटलं, तुझं पाणी चुकलं तर माझे पत्रे सांभाळून घेतील. या गावातलं सोनं मीच नदीत घालवलं आणि आता तुझंही घालवलं."

मी काही बोलणार तोच लेडलॉ ओरडला. एवढ्याशा मानेतून एवढा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. "कुणी कशाला हात लावू नका! बाई, मागे व्हा! कप्तान, हात वर! तोंडाजवळ नेऊ नका!" झॅकीला मानगुटीला धरून त्यानं परसात नेलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या, साबणानं कोपरापर्यंत घासलं, कोट काढून कुंपणावर फेकला. झॅकी लहान मुलासारखा हात पुढं करून उभा राहिला. नंतर लेडलॉनं तंगडी, रस्सा, बटाटे, केशराचा अख्खा पाव टेबलक्लॉथमध्येच गुंडाळला आणि परसात खड्डा खणून पुरला. टिअर्नी बाईंचं डुक्कर वास काढत आलं, तर हा फावडं घेऊन पहारा देत उभा!

कुंपणापलीकडून बाई म्हणाल्या, "अगं, तुमच्या पंथात तंगडीलाही मूठमाती देतात होय?"

मला हसू फुटलं. झॅकीलाही फुटलं. ओल्या शर्टात, निळ्या ओठांनी, आणि हसता हसता रडला. गेल्या दोन वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

लेडलॉ फावड्याला टेकून म्हणाला, "चूक माझी आहे, कप्तान. पत्रे लागणार नाहीत एवढंच मी सांगितलं. का लागणार नाहीत ते सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी बटाटे खात बसलो."

संध्याकाळी तिघांनी अंडी उकडून खाल्ली. मी तोंड उघडलं असतं की नाही, मला माहीत नाही. देवानं मला त्या परीक्षेला बसवलं नाही, झॅकी स्वतः उठला. याचे आभार मानायला या वहीची पानं पुरायची नाहीत.

१२ जून

मागच्या पानावर काय लिहून बसले! असो, खोडत नाही.

लेडलॉनं तार केली नाही. साहेबांना सांगितलं, जुन्या सामानातलं तांबं पाण्यात येत होतं, काढून टाकलं, अजून एक हौद करू द्या. जुनं सामान म्हणाला. कुणाचं नाव घेतलं नाही. साहेबांनी एक हौद दिला, त्यापुढं नाही. सायनाइडही तेवढ्यालाच पुरेल.

आता पेट्यांपाशी झॅकी बसतो. लेडलॉनंच बसवलं. "थेंब बघत बसायला ज्याला धीर आहे असा माणूस मला दुसरा दिसत नाही," म्हणाला. झॅकी म्हणाला, "ठीक. पण या वेळी प्रत्येक गोष्टीचं 'का' सांगायचं." आता रोज रात्रीच्या जेवणाला माझ्या घरी शाळा भरते.

२९ जून

काळा! जस्त काळं पडलं!

झॅकी धावत घरी आला. पन्नाशीचा माणूस, चिखलातून. दारातच ओरडला, "टॅमसिन, काजळासारखा!" मग आठवण झाली म्हणून आधी हात धुवायला गेला. मी दारातच बसले.

६ जुलै

गाळ धुतला, वाळवला, मुशीत आटवला. आज ओतला. छोटीशी वीट, फिकट, कारण आमच्या सोन्यात चांदी बरीच. शंभरातले पंच्याऐंशी भाग सोनं हाती आलं, जिथं पूर्वी चाळीस यायचं. साहेबांनी नवे आठ हौद सांगितले आहेत. खाण चालू राहणार. आपण राहणार. मी ते वाक्य लिहून पुन्हा वाचलं. आपण राहणार.

लेडलॉनं वीट माझ्या हातात दिली. जड होती. तो म्हणाला, "बाई, ही तुमच्या बटाट्यांनी काढली." मी म्हटलं, "नाही रे बाळा, तंगडीनं." त्याला मी 'बाळा' म्हटलं हे नंतर लक्षात आलं. त्याच्या कानांनी आधीच ऐकलं होतं.

पत्र्यांना पारा फासायचं सुटल्यापासून झॅकीचे हात कापायचे बरेच कमी झाले आहेत. थंडी मात्र वाढली आहे. कारण काय ते देव जाणे, पण आभार.

१४ जुलै

झॅकी छपरीत संध्याकाळभर काहीतरी ठोकतो आहे. लेडलॉनं त्याला पत्र्याचा धड उरलेला तुकडा भाजून, खरवडून, धुऊन दिला आहे, त्यातला पारा गेला म्हणे. मी विचारलं, पावासाठी भांडं करतोयस का? म्हणाला, "तसंच काहीतरी." बरंच झालं, टेबलक्लॉथबरोबर पावाचं भांडंही पुरलं गेलं होतं.

२१ जुलै, रविवार

चॅपलनंतर झॅकी म्हणाला, "चल, वर जाऊ."

मला वाटलं पाटाकडे. त्यानं पोतं आणि हातोडा बरोबर घेतला होता. वाट निसरडी होती. तो पुढं चालला आणि मला सांगत गेला: या मुळावर पाय दे, त्यावर नको, तो सुटतो. इथं फांदी धर. इथं वाकून ये. मी गेली दोन वर्षं त्या वाटेनं जाते, मला ती फांदी माहीत नव्हती.

कुजलेला क्रूस त्यानं हळूच उपटला. त्या जागी टोटाराच्या लाकडाचा खांब आधीच रोवलेला होता, कधी रोवला कुणास ठाऊक. त्यावर त्यानं तांब्याचा पत्रा ठोकला. खिळ्यानं टोचून टोचून अक्षरं काढली होती, मी पेस्टीवर काढते तशीच वळणाची: लव्हडे नॅनकिव्हेल. पत्र्याच्या एका बाजूची कड सायनाइडनं कुरतडलेली होती, ती त्यानं कापली नव्हती.

"घासत राहिलं की चमकेल," तो म्हणाला. "तांब्याला रोज हात लागावा लागतो."

त्याचा हात धरून उभी राहिले. मग खाली वाकले आणि पांढरे दगड नीट करू लागले, डोळे दिसू नयेत म्हणून. म्हटलं, "टिअर्नी बाईंचे आभार मानायला हवेत. केवढे दगड आणलेत त्यांनी."

"हो," झॅकी म्हणाला. "मानायला हवेत."

उतरताना बाई कुंपणापाशी भेटल्या, काठीवर भार टाकून. मी त्यांचे हात धरले आणि दगडांचं बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या झॅकीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. "अगं वेडे," एवढंच म्हणाल्या आणि डुकराला हाकलायला वळल्या.

झॅकीनं घरात येऊन कोट खुंटीला टांगला. खिसा पुन्हा फाटला आहे. आता तो आत पडल्यावर मी कोट मांडीवर घेतला आहे. या वेळी नुसता शिवणार नाही, आतून कातडं लावणार आहे, दुहेरी, म्हणजे दगडांनी फाटायचा नाही.